तिच्या रक्तातलं सेलेनियम

आमच्याकडे एखादं पोर जास्त आजारी झालं की कुणी ना कुणी म्हणतंच, "पुण्याला हलवा." मामा म्हणतो, खोलीमालक म्हणतो, कधी लिफ्टमध्ये भेटलेला परका माणूसही म्हणतो. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, पुण्याला डॉक्टर काय आभाळातून पडतात? मी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे आणि तो विभाग इथंच, पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. ज्या पट्ट्यात देशभरच्या गाड्या तयार होतात, तिथं एक लेकरू सांभाळायची अक्कल नसेल होय? माझं तोंड फटकळ आहे हे घरात आणि वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. आता तुम्हालाही कळलं.

मी भोसरीत, भाड्याच्या खोलीत वाढले. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, तिथल्याच एका वर्कशॉपात लेथ चालवायचे. घरी आले की त्यांच्या शर्टाला तेलाचा वास यायचा आणि आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. आज मी पिंपळे सौदागरला राहते. खाली क्लबहाउस आहे, वर गच्चीत योगाचा वर्ग आहे, सगळं झकास. पण कुणी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" तर तोंडातून भोसरीच निघतं. समोरच्याचा चेहरा थोडा पडतो, मला मजा वाटते.

ती मुलगीसुद्धा भोसरीचीच. पहिलीत जाणारी, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. गुडघ्यावर गळू आलं होतं, ते घरीच दाबून फोडलं, आणि जंतू रक्तात शिरले. आमच्याकडे आली तेव्हा तिचं बीपी लागतच नव्हतं. बरोबर वडील आणि आजी. आई बाळंतपणाला माहेरी, लातूरकडं गेलेली. तिला फक्त "ताप आहे" एवढंच कळवलं होतं. वडील तिशीतला बारीक माणूस, कामावरून तसाच धावत आलेला. तो मला एकच प्रश्न विचारत होता, "मॅडम, वाचंल ना?"

आम्ही तिला व्हेंटिलेटरवर घेतलं, औषधं लावली, सलाईन दिलं. बीपी आलं, पण दुसरंच संकट उभं राहिलं. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक नाजूक अस्तर असतं. आजार एवढा मोठा झाला की ते अस्तर दुखावतं आणि रक्तातलं पाणी बाहेर पाझरायला लागतं. वरून ओतावं तेवढं सलाईन नसांमध्ये थांबतच नाही. फुफ्फुसात उतरतं, हातापायात उतरतं. पोरगी फुगत चालली होती. डोळे सुजून बंद झाले, बोटं जाडजूड झाली. आजी एकदा आत आली आणि म्हणाली, "ही आमची न्हाई." तिला खरोखर ओळखू आली नव्हती.

वडिलांना हे कसं समजवायचं? मी म्हटलं, "दादा, मशीनचं ऑइल सील गेलं की काय होतं? पाइप फुटलेला नसतो, पंप चालू असतो, तरी तेल पाझरतंच. तिच्या सगळ्या अंगातली सीलं एकदम गेली आहेत." त्यानं मान हलवली. म्हणाला, "म्हंजे तेल ओतत बसून भागायचं न्हाई. सील धरलं पायजे." मी वर्षानुवर्षं शिकाऊ डॉक्टरांना हीच गोष्ट फळ्यावर आकृत्या काढून शिकवते. ह्या माणसाला एका वाक्यात समजली. ह्या पट्ट्यातल्या आईबापांशी बोलताना मला कधी बिचकायला होत नाही, ते ह्याच्यासाठी. मशीन सांभाळणाऱ्या माणसाला नाजूक गोष्ट कळते.

आता सेलेनियमकडे येते. हे एक खनिज आहे. धान्यातून, डाळीतून, अंड्यामाशांतून पोटात जातं. लागतं किती, तर नखाच्या टोकावर ठेवलं तर दिसणारही नाही एवढंसं. पण नसांच्या अस्तराची राखण करणारी काही द्रव्यं शरीराला ह्याच्याशिवाय बनवता येत नाहीत. फार आजारी मुलांच्या रक्तात ते बहुतेक वेळा कमी झालेलं दिसतं. ते कमी होतं म्हणून अस्तर दुखावतं, की आजारच ते संपवतो, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आम्ही वॉर्डातल्या मुलांचं सेलेनियम मोजायला लागलो होतो, पालकांना सगळं नीट सांगून, त्यांच्या होकारानं. मला ह्या कामाचा केवढा अभिमान होता काय सांगू! मोठमोठ्या संस्थांमधल्या लोकांनी करायचं काम आमच्या वॉर्डात, आमच्या सिस्टर करत होत्या. त्यासाठी धातूचा अंशही नसलेल्या खास नळ्या मागवलेल्या. आमच्या मोठ्या सिस्टर त्या नळ्यांना दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "ह्या माझ्या चांदीच्या वाट्या आहेत," म्हणायच्या.

मुलीचा रिपोर्ट आला आणि मी खुर्चीतून उठले. सेलेनियम कमी नव्हतं. थोडं जास्तही नव्हतं. इतकं वर होतं की असं रक्त मी पाहिलंच नव्हतं. हे खनिज कमी पडलं तर वाईट, पण जास्त झालं तर चक्क विष.

आमचे मोठे डॉक्टर शांत गृहस्थ. त्यांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "विषबाधा धरून चालावं लागेल. कदाचित गळू हे निमित्तच असेल. आपल्याकडे विषाची सोय नाही. पुण्याला हलवू या."

तेच वाक्य! तेही आमच्याच माणसाच्या तोंडून! पण माझा राग बाजूला ठेवा, खरी भीती वेगळी होती. ही मुलगी व्हेंटिलेटरच्या जोरावर तगली होती. कूस बदलली तरी तिचं बीपी ढासळायचं. तिला स्ट्रेचरवर घालून, ॲम्ब्युलन्समध्ये चढवून, नाशिक फाट्याच्या गर्दीतून न्यायचं म्हणजे ती वाटेतच जायची शक्यता होती. आणि खरंच विष असेल तर इथं ठेवली तरी जायचीच. हलवायची की ठेवायची, ह्यावर तिचा जीव होता.

"सर, थोडा वेळ द्या," मी म्हटलं. "विषाचं एकही लक्षण नाही. असं विष चढलं की श्वासाला लसणासारखा वास येतो. मी तिच्या तोंडाशी वाकून वाकून पाहिलंय. काही नाही."

"दुपारपर्यंत," ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन आजीला धरलं. बाहेरगावचं चूर्ण, कुणा बाबाची पुडी, ताकदीची पावडर, काही चाटवलंय का? माझा आवाज चढलाच असणार, कारण आजी तिप्पट चढली. "ओ डाक्टरीण बाई! लेकराला म्या काय बी दिलं न्हाई! भाकर, दूध, वरण. इख घालीन व्हय माझ्या नातीला?" सगळा पॅसेज बघायला लागला. मला तिचा राग आवडला. खोटं बोलणारं माणूस असं भांडत नाही.

मग वडिलांकडे वळले. "दादा, तुम्ही काम काय करता?"

"ब्लॅकनिंग, मॅडम."

ब्लॅकनिंग म्हणजे लोखंडाच्या सुट्या भागांना गंज चढू नये म्हणून ते रसायनात बुडवून काळे करायचे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच असं एक दुकान होतं. पांढरे चकचकीत नट आत जायचे आणि काळेकुळकुळीत होऊन बाहेर यायचे, आम्ही पोरं बघत उभी राहायचो. पण त्या पाण्यात असतं काय? मला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं. "काळं पाणी म्हणत्यात मॅडम. कॅन येतो, ओतायचा."

मी अप्पांना फोन लावला. अप्पा निवृत्त झालेत, पण त्यांना घरी बसवत नाही. रोज कुठल्या ना कुठल्या वर्कशॉपात जाऊन चहा पितात आणि तरुण पोरांच्या चुका काढतात. "अप्पा, ब्लॅकनिंगच्या पाण्यात काय असतं?"

"मला काय ठाऊक? मी टर्नर माणूस. तुझं डॉक्टरकीचं सोडून हे काय काढलंस?"

"एका पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

तिचा बाप कुठल्या दुकानात काम करतो तेही सांगितलं. फोन बंद. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळानं त्यांचाच फोन. मागं ग्राइंडरचा खणखणाट. स्कूटर काढून ते थेट त्या मुलीच्या वडिलांच्या दुकानात पोचले होते आणि मालकाच्या कानाला फोन लावला होता. मालक घाबरत म्हणाला, "मॅडम, आम्ही गरम ब्लॅकनिंग करत नाही. थंड करतो. सेलेनियमचं पाणी असतं ते."

मागून अप्पांचा आवाज आला, "नीट सांग रे, माझी लेक आहे, मोठी डॉक्टर आहे!" अशा वेळीसुद्धा माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

सेलेनियम कुठून आलं ते कळलं. पण ते पोरीच्या पोटात गेलं कसं? बापाच्या कपड्यांवरून, डब्यावरून जाईल, पण एवढं? मी वॉर्डात येऊन मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्या मुलीच्या खाटेशी गेल्या आणि उजव्या हाताची पट्टी सोडायला लागल्या.

इथं आमच्या वॉर्डाची एक रीत सांगितली पाहिजे. आजारी मुलांच्या अंगावर काळे दोरे, ताईत, काय काय बांधलेलं असतं. नियमाप्रमाणे ते कापायला हवं. पण दोरा कापला की बाहेर आई मटकन खालीच बसते, सगळं संपलं म्हणते. म्हणून आमच्या सिस्टर दोरा कापत नाहीत, पट्टीखाली सरकवतात. डॉक्टर बघून न बघितल्यासारखं करतात. ही आमची माया आहे आणि मला तिची लाज नाही.

पट्टीखाली काळा दोरा होता. दोऱ्यात ओवलेला एक लहानसा वॉशर. काळाकुट्ट.

वडिलांना आत बोलावलं. त्यानं वॉशर पाहिला आणि सगळं सांगितलं. पोरीला दृष्ट लागली असं आजी म्हणाली. गावाकडं अशा वेळी लोखंडाची कडी बांधतात. ॲडमिट केलं त्या दिवशी तो दुकानात रजा सांगायला गेला तेव्हा हाताला वॉशर लागला. पण वॉशर चकचकीत, आणि दृष्टीसाठी काळंच हवं. त्यानं तो काळ्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला, पँटला पुसला, दोऱ्यात ओवला आणि आणून बांधला. दुकानात माल बुडवल्यावर दोन-दोन वेळा धुतात, तेल लावतात. ह्याला धुवायची कुठली शुद्ध!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रक्त घ्यायच्या दिवशी पोरीची मनगटातली लाईन, म्हणजे रक्त काढायला बसवून ठेवलेली बारीक नळी, बंद पडली होती. म्हणून सिस्टरनी दोरा होता त्याच हाताच्या पाठीवरून सुईनं रक्त काढलं होतं. वरून ओला बोळा फिरवलेला, वॉशरचं पाणी कातडीवर उतरलेलं, आणि तिथूनच सुई आत गेलेली. खास नळी, चांदीची वाटी, आणि तिच्यात बापाच्या हातचं सेलेनियम!

"म्हणजे रक्तात नाहीच?" सिस्टरनी विचारलं.

"मला तसं वाटतं. वाटून उपयोग नाही, पुन्हा मोजायला हवं."

मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते जरासे हसले. "तू भोसरीची आहेस म्हणून प्रत्येक गोष्ट भोसरीतून निघत नाही."

"ही निघाली ना, सर!"

त्यांनी मान तिरकी केली. मग म्हणाले, "दुसरा रिपोर्ट येईपर्यंत हलवायचं नाही. पण ती जरा जरी ढासळली, तर तुझं काही ऐकणार नाही." मी हो म्हटलं. माझ्या शब्दावर एक पोर खाटेवर राहिलं होतं.

दोरा काढला. ह्या वेळी वडिलांना विचारून काढला. दुसरा हात खांद्यापर्यंत धुतला, पुन्हा धुतला, आणि मोठ्या सिस्टरनी स्वतः रक्त घेतलं. नमुना तातडीनं प्रयोगशाळेत गेला. मग फक्त वाट पाहणं. आमची सगळी टीम त्या खाटेभोवती होती. तासातासाला सलाईनचा हिशेब, लघवी किती झाली, बीपीचं औषध किती लागतंय. कुणी कॅन्टीनला गेलं नाही. एका नव्या सिस्टरची ड्युटी संपली होती, तिला घरी जा म्हटलं तर म्हणाली, "मॅडम, ओरडा, पण जाणार नाही." मी ओरडले नाही. ह्या लोकांबरोबर काम करायला मिळतं, आणखी काय पाहिजे?

बाप मात्र आत येईना. काचेबाहेर उभा होता, दोन्ही हात काखेत घालून. मी बाहेर गेले तर म्हणाला, "म्याच इख घातलं का मॅडम तिला?"

"अजून काही ठरलेलं नाही."

"ह्या हातानं रोज भरवतो तिला. आई माहेरी गेल्यापासनं वेण्या बी मीच घालतो." त्यानं हात काढून माझ्यापुढे धरले. नखांच्या कडा काळ्या, बोटांच्या रेघांत काळं बसलेलं. पुन्हा काखेत घातले.

मी चिडले. त्याच्यावर, काळ्या पाण्यावर, कशावर कोण जाणे. "हातमोजे का घालत नाही?"

"मोजं घातलं तर बारीक नग धरवत न्हाईत."

"मग आता धरायला शिका!" आणि मग आवाज खाली घेऊन म्हटलं, "आत या. तिच्याशी बोला. तिला ऐकू येतं."

तो आत आला. खाटेपासून लांब उभा राहिला आणि तिथूनच शाळेच्या गोष्टी बोलत राहिला. हात काखेतच.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. सेलेनियम कमी होतं. इतर आजारी मुलांचं असतं तसंच, चांगलंच कमी. विष नाही, थेंबभरही नाही! मोठ्या सिस्टरनी पदराला डोळे पुसावेत तसे मास्कला पुसले. माझा जीव भांड्यात पडला. मोठे डॉक्टर म्हणाले, "चला, पुण्याचा प्रवास वाचला," आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेले. मी पळत जाऊन वडिलांना सांगितलं. आजीनं माझे दोन्ही गाल दाबले आणि कानशिलावर बोटं मोडली. कालची भांडणारी बाई ती हीच. वडिलांनी मात्र एवढंच विचारलं, "पर हातातलं गेलं असंल का थोडं बी?" नाही म्हटलं तरी त्याचा विश्वास बसत नव्हता.

मुलीच्या नळीतून जाणाऱ्या अन्नात आम्ही तिच्या वजनाला लागेल तेवढं सेलेनियम धरलं, बाकीच्या क्षारांबरोबर. त्यानं ती वाचली, असं मी कधीच म्हणणार नाही. औषधांनी वाचली, गळूतला पू साफ केला त्यानं वाचली, सिस्टरांच्या हातांनी वाचली, आणि स्वतःच्या चिवटपणानं वाचली. त्यात सेलेनियमचा वाटा किती, हे शोधायलाच तर आम्ही मोजतोय. पण विष समजून आम्ही तिला हलवली असती तर शोधायला काही उरलं नसतं.

मग एका सकाळी बीपीचं औषध कमी करता आलं. ओतलेलं पाणी नसांमध्ये थांबायला लागलं. लघवीची पिशवी भरली तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. सूज आधी पापण्यांवरची उतरली, मग बोटांची. हनुवटीवर एक खळी निघाली. आजी आत आली, बघत राहिली आणि म्हणाली, "आता आमची हाय." व्हेंटिलेटर काढला तेव्हा पोरगी खोकली, रडली, आणि बसलेल्या आवाजात पहिलं काय म्हणाली असेल? "मला टोचू नका." म्हटलं, शाब्बास! तोंड चालू झालं म्हणजे पोर आपलं झालं.

त्या दिवशी तिचं सेलेनियम पुन्हा मोजायचं होतं. सिस्टर ट्रे घेऊन आल्या. वडील नेहमीच्या जागी, खाटेच्या पायाशी, हात काखेत. पोरीनं ट्रे पाहिला आणि ओठ काढले. "पप्पा."

"हाय ना इथं."

"इकडं ये."

"हात धुऊन येतो." तो सकाळपासून बेसिनशी हात घासत होता, बोटांची सालं निघायला आली होती. तरी निघाला.

"न्हाई. हितं." तिनं चादरीवरून हात पुढं केला. कमजोर हात, उचलता उचलत नव्हता, मध्येच खाली यायला लागला. तो हात पडायच्या आत बापानं धरला. विचार करायला त्याला वेळच मिळाला नाही. तिनं त्याचं काळं बोट मुठीत घेतलं आणि गालाखाली ओढलं. तो वाकून तसाच उभा राहिला, रडत होता, पण बोट हलवत नव्हता.

सिस्टर म्हणाल्या, "दादा, जरा हात सोडता का? रक्त घ्यायचंय."

तो दचकून हात काढायला लागला.

"सोडू नका," मी म्हटलं. "सिस्टर, रक्त दुसऱ्या हाताचं घ्या. हा हात तिच्या बापाचा आहे."